चिठ्ठी कुठं गेली? : शेडमधले सहा फोन आणि न दिसलेला व्हीलॅन टॅग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. पुढं ऑफिस, मागं लूमशेड, मधे दीडेकशे मीटर मोकळी जागा. ऑफिसच्या रॅकमध्ये मुख्य स्विच, शेडमध्ये दुसरा, आणि दोन्हींना जोडणारी एकच फायबर. तीन व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली तीन जाळी: १० ऑफिसच्या कॉम्प्युटरांचा, २० कॅमेऱ्यांचा, ३० फोनचा. एवढ्याशा जाळ्यात हरवण्यासारखं काही नाही, असं मला त्या दिवशी सकाळपर्यंत वाटत होतं.

आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता. सोलापूरचा मे म्हणजे दिवसभर भट्टी आणि संध्याकाळी अचानक वारा, धूळ, कडकडाट. त्या कडकडाटात शेडचा स्विच गेला. रात्री नऊला मी नवा बसवला. मुख्य स्विचवर फायबर २५ नंबरच्या पोर्टात होती. तिथला दिवा लागेना, म्हणून मॉड्यूल काढून शेजारच्या २६ मध्ये लावलं. लागला. कॅमेरे दिसायला लागले, शेडमधल्या कॉम्प्युटरवर उत्पादनाची नोंद उघडली. फोनच्या पडद्यांवर उजेड आला, तेवढं पाहून निघालो. एकही फोन उचलून पाहिला नाही. पुढची सगळी कथा त्या एका आळसाची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी सव्वानऊला शेडच्या जॉबरमामांचा मोबाइलवरून फोन. "साहेब, फोन लागंना की ओ. उजेड हाय, आवाज न्हाई."

सहाही फोन 'नोंदणी नाही' म्हणत होते. मेनूत पाहिलं तर पत्ता १९२.१६८.१० ने सुरू होणारा, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यातला. फोनला मिळायला हवा ३० मधला. ऑफिसच्या जाळ्यातून फोनच्या सर्व्हरपर्यंत फायरवॉल जाऊ देत नाही, म्हणून नोंदणी नाही. इथवरचा तर्क बरोबर होता. पुढचा प्रश्नही बरोबर होता: फोन आपल्या पॅकेटवर ३० चा टॅग, म्हणजे व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी, लावतोय की नाही? चुकलं ते उत्तर शोधण्याचं साधन.

शेडच्या स्विचवर अपलिंकचा, म्हणजे ऑफिसकडं जाणाऱ्या फायबरचा, मिरर पोर्ट काढला (तिथल्या प्रत्येक पॅकेटची प्रत देणारा), विंडोजचा लॅपटॉप जोडला, पॅकेटं पकडून दाखवणारं वायरशार्क सुरू केलं आणि एका फोनच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे यंत्राच्या कायमच्या पत्त्याचा, फिल्टर लावला. फोन बंद करून चालू केला. डीएचसीपीच्या, म्हणजे 'मला पत्ता द्या' अशा, हाका दिसल्या. पहिल्या चार हाकांना उत्तर नाही. पाचवीला लगेच उत्तर, पत्ता १० मधला. आणि पाचांपैकी एकाही हाकेवर टॅग नाही. सगळी साधी, बिनटॅगची पॅकेटं.

मी निष्कर्ष काढला की फोन टॅग लावतच नाही. स्विच एलएलडीपीतून 'तुझा व्हीलॅन ३०' असं सांगतो, ते नव्या स्विचवरून फोनपर्यंत पोचत नसणार. पहिल्या चार हाका कोरड्या गेल्या त्याचं खापर मी डीएचसीपी सर्व्हर सुस्त असल्यावर फोडलं आणि अर्धा तास त्या बिचाऱ्याच्या नोंदी चाळण्यात घालवला. तो ठणठणीत होता.

मग एका फोनवर हातानं व्हीलॅन ३० टाकला. आता त्याला पत्ताच मिळेना. कॅप्चरमध्ये पुन्हा हाका, पुन्हा बिनटॅगच्या. 'सांगूनही ऐकत नाही' म्हणून फोन मूळ स्थितीत आणला, पुन्हा सेट केला, पुन्हा तेच. दुसरा फोन घेतला. तेच. अकरा वाजले, पत्र्याच्या शेडमध्ये घाम टिपायला टॉवेल तेवढे मुबलक होते.

आता थांबून सांगतो की लॅपटॉपनं काय केलं होतं.

व्हीलॅनचा टॅग म्हणजे ४ बाइटची चिठ्ठी. इथरनेट फ्रेममध्ये पहिले ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक पत्ता, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा, आणि त्या १२ बाइटनंतर ही चिठ्ठी खोचलेली असते. तिचे पहिले २ बाइट हेक्स ८१००, म्हणजे 'पुढं टॅग आहे' अशी खूण. उरलेल्या १६ बिटांत ३ बिट प्राधान्याचे, १ बिट 'गर्दी झाली तर मला आधी टाका' असं सांगणारा, आणि १२ बिट व्हीलॅनचा नंबर. बारा बिट म्हणून ४०९६ आकडे; ० आणि ४०९५ राखीव, वापरायला ४०९४. ही रचना ८०२.१क्यू या प्रमाणकातली, पहिली आवृत्ती १९९८ ची.

टॅग वाचून बाजूला काढणं ऑपरेटिंग सिस्टिमला जमतं, पण ते फुकट नाही. एक गिगाबिटच्या लाइनवर लहानात लहान फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे १४.८८ लाख येऊ शकतात. प्रत्येकीतून चार बाइट उपटायचे, आधीचे बारा बाइट सरकवून भोक बुजवायचं, हे काम प्रोसेसरनं करण्यापेक्षा नेटवर्क कार्डानं करावं (यालाच ऑफलोड म्हणतात) असं कार्ड बनवणाऱ्यांनी कधीच ठरवलं. फ्रेम आत येतानाच कार्ड चिठ्ठी काढतं, तिच्यातला नंबर आपल्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे त्या फ्रेमच्या नोंदीच्या रकान्यात लिहितं आणि चिठ्ठी नसलेली फ्रेम मेमरीत ठेवतं.

कारखान्याच्या गेटवर सुताचे गठ्ठे येतात तेव्हा रखवालदार हेच करतो. गठ्ठ्यावरची चिठ्ठी काढून रजिस्टरला नोंद करतो आणि गठ्ठा गोदामात सोडतो. माहिती हरवलेली नसते, फक्त गठ्ठ्यावरून रजिस्टरमध्ये गेलेली असते. मी गोदामात उभा राहून गठ्ठ्यांचे फोटो काढत होतो आणि म्हणत होतो, 'चिठ्ठी लावायला हे लोक विसरले.'

विंडोजवर ही नोंद पॅकेटसोबतच्या वेगळ्या रकान्यात राहते आणि कॅप्चर करणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. वायरशार्कला जे मिळालं ते त्यानं प्रामाणिकपणे दाखवलं. टॅग हवाच असेल तर ड्रायव्हरला सांगावं लागतं. काही कार्डांत ॲडव्हान्स्ड टॅबमधलं 'प्रायॉरिटी अँड व्हीलॅन' बंद करून भागतं. इंटेलच्या अनेक कार्डांना रजिस्ट्रीत मॉनिटरमोड नावाची नोंद घालून तिची किंमत १ करावी लागते. काही ड्रायव्हर मात्र काहीही केलं तरी टॅग देत नाहीत. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. शेडमध्ये आठवलं नाही.

आठवायला हवं होतं, कारण पुरावा त्याच फाईलीत पडून होता. अपलिंकवरून कॅमेऱ्यांचाही माल जात होता. कॅमेरे २० मध्ये, अपलिंकवर टॅगसह, आणि ते उत्तम चालत होते. मी फोनच्या मॅकचा फिल्टर काढला असता तर कॅमेऱ्यांची पॅकेटंही बिनटॅगचीच दिसली असती, आणि बिनटॅगचे कॅमेरे चालणं अशक्य. दुसरी खूण त्याहून बारीक. घरी परत फाईल उघडली तेव्हा एका कॅमेऱ्याच्या एआरपी (शेजाऱ्याचा मॅक पत्ता विचारणाऱ्या छोट्या) फ्रेम ५६ बाइटच्या दिसल्या. तारेवरून येणारी फ्रेम शेवटचे तपासणीचे ४ बाइट सोडून किमान ६० बाइटची असावी लागते. कॅमेऱ्यानं टॅग धरून ६० भरल्या होत्या. कार्डानं ४ काढले, उरले ५६. आलेल्या फ्रेममध्ये ६० पेक्षा लहान आकडा दिसला की वाटेत कोणीतरी काहीतरी काढून घेतलंय, एवढं तरी नक्की समजावं.

असो. शेडमध्ये मला यातलं काही दिसत नव्हतं, पण एक शहाणपण सुचलं: दुसरा साक्षीदार आणू. गाडीत जुना मिनी पीसी होता, लिनक्सचा, बऱ्याच वर्षांत अपडेट न केलेला. तो मिरर पोर्टला लावला आणि टीसीपीडम्प हा पॅकेटं पकडणारा प्रोग्रॅम चालवला, फिल्टर 'व्हीलॅन ३०'. फोन बंद-चालू केला.

शून्य पॅकेट.

दोन वेगळी मशिनं, दोन वेगळ्या सिस्टिम, दोघांचं एकच म्हणणं. माझी खात्री पटली. ऑफलोडची शंका इथं एकदा येऊन गेली, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या ईथटूलनं 'आरएक्स व्हीलॅन' ऑफलोड बंद केलं आणि पुन्हा पाहिलं. तरी शून्य. म्हटलं, झालं, आता संशयाला जागाच नाही. फोन विकणाऱ्याला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात बोललो. त्यानं शांतपणे सांगितलं, कॅप्चरची फाईल पाठवा.

फाईल बनवायला सोबतच्या पोराला बसवलं. तो विद्यार्थी, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत माझ्यापेक्षा कमी बोलतो. त्याला सांगितलं, फिल्टर न लावता सगळं फाईलीत घे आणि मग फाईलीतून डीएचसीपीचं, पोर्ट ६७ चं तेवढं काढून दे. दहा मिनिटांनी तो आला. "दादा, फाईलीत काहीच न्हाई."

"असं कसं? तोच फिल्टर आत्ता चालू कॅप्चरवर लाव."

त्यानं लावला. पॅकेटं धडाधड आली. तोच फिल्टर फाईलीवर लावला. शून्य. तेच मशीन, तोच हातानं ३० टाकलेला फोन, तोच फिल्टर. थेट पाहिलं तर आहे, साठवून पाहिलं तर नाही.

माझ्या मते या प्रकरणातला खरा शोध त्या पोराचा आहे. मला ती विसंगती दिसली तेव्हा तिचा अर्थ लागायला दोन मिनिटं लागली. त्यानं ती शोधली नसती तर मी संध्याकाळपर्यंत फोनच्या कंपनीशी भांडत बसलो असतो.

लिनक्सवर गोष्ट एक पायरी पुढं जाते. कार्डानं किंवा कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, काढलेला टॅग तिथंही पॅकेटपासून वेगळा, रजिस्टरमध्येच असतो. पण कॅप्चरच्या सॉकेटनं मागितलं तर कर्नल ती नोंद जोडपत्रासारखी सोबत देतं. टीसीपीडम्पच्या खाली काम करणारी लिबपीकॅप ही लायब्ररी ते जोडपत्र वाचते आणि चार बाइट पुन्हा त्याच जागी, बाराव्या बाइटनंतर, चिकटवते. म्हणून लिनक्सवरच्या फाईलीत टॅग असतो. रखवालदारानं काढलेली चिठ्ठी रजिस्टर पाहून कोणीतरी पुन्हा लावलेली.

गोम आहे ती क्रमात. फिल्टर चालतो कर्नलमध्ये, चिठ्ठी परत लागण्याआधी. 'व्हीलॅन ३०' या फिल्टरचा जुन्या लिबपीकॅपमधला अर्थ साधा होता: बाराव्या बाइटपाशी हेक्स ८१०० शोधा, मग नंबर ३० आहे का बघा. पण त्या क्षणी तिथं टॅग नसतोच. तिथं असतं हेक्स ०८००, म्हणजे आयपी. फिल्टर म्हणतो 'टॅग नाही' आणि पॅकेट टाकून देतो. म्हणून शून्य. उलट 'पोर्ट ६७' हा फिल्टर बिनटॅगच्या पॅकेटवर छान बसतो, म्हणून थेट कॅप्चरमध्ये टॅगवालीही पॅकेटं सापडतात. तीच पॅकेटं फाईलीत गेली की चिठ्ठी परत लागलेली. आता बाराव्या बाइटपाशी ८१०० आहे, आणि 'पोर्ट ६७' तिथं आयपी शोधतोय. पुन्हा शून्य. थेट पाहताना एक फिल्टर आंधळा, फाईल वाचताना दुसरा.

फाईलीवर 'व्हीलॅन आणि पोर्ट ६७' असं लिहिलं की पॅकेटं आली. इथं एक खोच आहे. फिल्टरमध्ये 'व्हीलॅन' हा शब्द आला की त्याच्यापुढच्या सगळ्या अटी चार बाइट पुढं सरकून वाचल्या जातात. म्हणून दोन्ही प्रकारची पॅकेटं हवी असतील तर 'पोर्ट ६७ किंवा (व्हीलॅन आणि पोर्ट ६७)' याच क्रमानं लिहायचं, उलट नाही. नव्या लिबपीकॅपला आणि नव्या कर्नलला हे दुखणं माहीत आहे. थेट कॅप्चरमध्ये 'व्हीलॅन' विचारलं की नुसते फ्रेमचे बाइट न बघता रजिस्टरही बघितलं जातं. माझा मिनी पीसी त्या शहाणपणाच्या आधीचा.

मग ऑफलोड बंद करूनही शून्यच का? कारण कार्डानं टॅग काढला नाही तर लिनक्सचा कर्नल स्वतः काढतो, आणि तोही पॅकेट कॅप्चरच्या हाती देण्याआधी. २०११ साली कर्नलमध्ये हे मुद्दाम केलं गेलं, कार्ड कुठलंही असो, पुढचं सगळं एकसारखं वागावं म्हणून. हेतू चांगलाच. पण 'ऑफलोड बंद करा, टॅग दिसेल' हा सल्ला आजही जो तो देतो, आणि लिनक्सवर तो या कामासाठी निरुपयोगी आहे. मला तर तो अपायकारक ठरला. ऑफलोड बंद करूनही काही बदललं नाही, म्हणून मी ऑफलोडला निर्दोष ठरवून मोकळा झालो.

आणखी एक साधी गोष्ट मी केली नव्हती. टीसीपीडम्पला लिंकचं शीर्षक छापायला सांगणारा 'ई' पर्याय दिला नव्हता, आणि त्याच्याशिवाय टॅग फाईलीत असला तरी पडद्यावर येत नाही. आता तो दिला. ओळीत स्पष्ट लिहून आलं: व्हीलॅन ३०, प्राधान्य ०.

म्हणजे फोन पहिल्यापासून टॅग लावत होते. ज्यांना मी तासभर दटावलं ते सगळे निर्दोष.

आता हात न लावलेल्या एका फोनच्या तशाच पाच हाका टॅगसह पाहिल्या. पहिल्या चार: व्हीलॅन ३०, उत्तर नाही. पाचवी: बिनटॅगची, ऑफिसच्या १० कडून लगेच उत्तर. या फोनची रीतच तशी. आपल्या व्हीलॅनमध्ये पत्ता मिळाला नाही की टॅग सोडून साध्या वाटेनं प्रयत्न करतात. हातानं ३० टाकलेला फोन ती पळवाट घेत नव्हता, म्हणून त्याला पत्ताच मिळत नव्हता. ते 'न ऐकणं' नव्हतं, सांगितल्याप्रमाणे वागणं होतं. आणि सर्व्हर सुस्त नव्हता, त्याच्यापर्यंत हाक पोचतच नव्हती. शेडमधून ३० चा माल फायबरवर चढतोय आणि ऑफिसकडून काहीच परत येत नाही. मग पाहायचं राहिलं ते ऑफिसच्या टोकाला.

चालत ऑफिसात गेलो, मुख्य स्विचचं पान उघडलं. पोर्ट २५: १० बिनटॅग, २० आणि ३० टॅगसह. पोर्ट २६: १० बिनटॅग, २० टॅगसह. ३० नाही.

२६ कधीतरी राखीव म्हणून मीच तयार केला होता, कारखान्यात फोन यायच्या आधी. फोन आले तेव्हा ३० फक्त २५ मध्ये जोडला. आणि काल रात्री फायबर २५ मधून २६ मध्ये हलवली, तीही मीच. कॅमेरे चालले कारण २० तिथं होता. ३० जोडायला वीस सेकंद लागली. सहा फोनपैकी चार आपोआप आले, ज्या दोघांवर मी हात चालवला होता ते पुन्हा सेट करावे लागले.

त्या रात्री घरी लॅपटॉपच्या कार्डाला मॉनिटरमोड लावून बघितला, टॅग दिसले. मिनी पीसी अपडेट केला. त्याच फिल्टरनं, 'व्हीलॅन ३०' नं, थेट कॅप्चरमध्ये पॅकेटं दिली. एक प्रयोग अजून केला, त्याचाही पुढं उपयोग झाला. काही कार्डं अनोळखी व्हीलॅनच्या फ्रेम दारातच टाकतात, त्याला 'आरएक्स व्हीलॅन फिल्टर' म्हणतात. टीसीपीडम्प कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये, म्हणजे येईल ते सगळं आत घेण्याच्या स्थितीत, टाकतो आणि तेव्हा हा फिल्टर सहसा उठतो. म्हणजे बिघाड शोधायला कॅप्चर लावावं आणि कॅप्चर चालू असेपर्यंतच बिघाड गायब व्हावा, असंही घडू शकतं. ते माझ्या नशिबी त्या दिवशी नव्हतं, एवढीच दया.

नव्या जागी मिरर पोर्ट लावला की आता मी आधी एक माहितीतली वाट बघतो, जिथं टॅग असणारच असा एखादा कॅमेरा. त्याचा टॅग पडद्यावर दिसला तरच बाकीच्यांबद्दल बोलायचं. स्विचही यात निरागस नसतात. काही मॉडेलं मिरर पोर्टवर प्रत पाठवताना टॅग काढून टाकतात आणि तसं न करण्यासाठी वेगळी सेटिंग मागतात. कॅमेऱ्याची ही तपासणी दोन्ही चोर एकाच वेळी पकडते.

मॅनेजरांनी विचारलं, "नेमकं काय झालं होतं?" मी टॅग, कार्ड, कर्नल असं सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "तेवढं नको. कुणाचं चुकलं?"

कामाच्या पावतीवर लिहिलं: मुख्य स्विच, पोर्ट २६, व्हीलॅन ३० नव्हता, जोडला. आदल्या रात्रीच्या कामातली त्रुटी. वेळ ४ तास. आकार शून्य.